ठिपके गेले, रोग कुठे गेला?

पत्र थोडक्यात : गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेवर असलेल्या गुरुजींचं हे पत्र आहे. गावाने लोकवर्गणी काढून शाळेला अडीच फुटी फिश टँक घेऊन दिला. त्यात तीन गोल्डफिश, काही गप्पी, एक एंजल आणि एक सकर (तळाशी राहून शेवाळ चाटणारा मासा) होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तालुक्याहून चार काळ्या मॉली आणून सोडल्या. आठवडाभरात सगळ्या मासोळ्यांच्या शेपटीवर आणि अंगावर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसू लागले, मासोळ्या खड्यांना अंग घासू लागल्या. दुकानदाराने निळं औषध दिलं, रोज पाच थेंब. चार दिवसांत ठिपके गेले, औषध बंद केलं. रविवारी गुरुजींनी मोठ्या मुलांना हाताशी घेऊन मासोळ्या घमेल्यात काढल्या, खडे, स्पंज, काच सगळं कपड्याच्या पावडरने घासून धुतलं आणि नळाचं ताजं पाणी भरलं. बुधवारी पहाटे एक गोल्डफिश आणि दोन मॉली मेलेल्या आढळल्या, उरलेल्यांवर पहिल्यापेक्षा जास्त ठिपके. मुलं यायच्या आत गुरुजींनी मेलेल्या मासोळ्या काढल्या आणि 'त्यांना नागपूरला दवाखान्यात नेलं आहे' असं सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात, 'सगळ्या बोडीत (म्हणजे गावाजवळच्या लहान तळ्यात) सोडा, मोकळ्या पाण्यात जगतील बिचाऱ्या.' एक पालक म्हणाले, शाळेवरचं संकट मासोळीने अंगावर घेतलं. गुरुजींच्या मनात आहे की शनिवारी गोंदियाला जावं, तशाच दिसणाऱ्या मासोळ्या आणाव्यात आणि सोमवारी प्रार्थनेआधी टँकमध्ये सोडून द्याव्यात. ते विचारतात, 'आमच्या गावचं पाणीच मासोळ्यांना मानवत नसेल का? आणि मुलांचं मन न दुखवता यातून कसं निघू?'

गुरुजी, नमस्कार.

आधी आजचं काम सांगतो, बाकीचं बोलणं मग. निळं औषध पुन्हा टाकू नका. आज आणि उद्या मासोळ्यांना दाणा देऊ नका, दोन दिवस उपाशी राहून त्यांना काही होत नाही. टँकमधलं चौथा हिस्सा पाणी काढा आणि त्या जागी कालपासून बादलीत उघडं ठेवलेलं, टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट पाणी सावकाश घाला. हवेचा पंप रात्रंदिवस चालेल अशी सोय करा. आणि बोडी किंवा गोंदिया, दोन्हींपैकी कुठेही जायचं सध्या थांबवा.

तुम्ही ठिपक्यांचं जे वर्णन केलं आहे, सुटे, उठावदार, शेपटीवर आणि अंगावर पसरलेले, आणि मासोळीचं ते खड्यावर अंग घासणं, त्यावरून दुकानदार ज्याला 'व्हाइट स्पॉट' म्हणतात तोच हा रोग आहे. गोड्या पाण्यातल्या मासोळ्यांचा हा सगळ्यात ओळखीचा आजार. एक खात्री मात्र तुमच्या गोल्डफिशपुरती करून घ्या. ठिपके फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या पंखाच्या कडेला असतील, बाकी अंग स्वच्छ असेल आणि मासा हुशार, खाता-पिता असेल, तर ती नराची विणीच्या हंगामातली खूण असते, रोग नव्हे. त्या खुणेपायी धडधाकट गोल्डफिशला औषधात ठेवलेलं मी पाहिलं आहे. कापसासारखे पुंजके असतील तर ती बुरशी, तिचा इलाज वेगळा. तुमच्याकडे एंजल, गप्पी सगळ्यांवरच ठिपके आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत शंका उरत नाही.

आता पत्रातल्या त्या एका वाक्याकडे येऊ : 'ठिपके गेले, म्हणून औषध बंद केलं.' तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं. आपल्याला ताप उतरला की गोळ्या थांबवायची सवय असते. पण या रोगात ठिपका दिसेनासा होणं ही बरं झाल्याची खूण नाही, आणि ते का हे नीट समजून घेतलं तर पुढचा सगळा इलाज आपोआप कळेल.

तो ठिपका म्हणजे एक जिवंत प्राणी आहे. एकाच पेशीचा, अंगभर बारीक केस असलेला परजीवी. इक्थियोफ्थिरियस हे त्याचं शास्त्रीय नाव, फुके नावाच्या अभ्यासकाने १८७६ साली ठेवलेलं. तो मासोळीच्या कातडीत शिरतो आणि तिथेच खाऊन मोठा होतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे तो आणि त्याच्यावर चढलेली कातडी. पुरता वाढला की तो मिलिमीटरभराचा होतो, मग स्वतःच कातडी फोडून बाहेर पडतो, खाली उतरतो आणि खड्याला, काचेला, पानाला चिकटून अंगाभोवती चिकट कवच करून बसतो. त्या कवचात त्याचे दोनाचे चार, चाराचे आठ होत शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्लं होतात. ती पाण्यात पोहत मासोळी शोधतात. ऊबदार पाण्यात दोन-तीन दिवसांत मासोळी सापडली नाही तर मरतात. सापडली की पुन्हा कातडीत.

या सगळ्या फेऱ्यात औषधाच्या तावडीत तो एकदाच सापडतो, पिल्लू होऊन उघड्या पाण्यात पोहत असतो तेव्हा. कातडीखाली औषध पोचत नाही, कवचातही पोचत नाही. म्हणजे तुमचे ठिपके चौथ्या दिवशी गेले ते निळ्या थेंबांनी गेले नाहीत. पोट भरलं म्हणून ते उतरले. औषध टाकलं नसतं तरी त्याच दिवशी उतरले असते, आणि तुम्ही बाटलीचं झाकण लावलंत तेव्हा खाली त्यांची पिल्लं तयार होत होती.

तुम्ही म्हणाल, खडे तर आम्ही घासून धुतले! धुतले, पण मासोळ्या घमेल्यात होत्या. नुकताच शिरलेला परजीवी डोळ्यांना दिसत नाही, आणि कल्ल्यांच्या आत शिरलेला तर मोठा झाला तरी दिसत नाही. तो मासोळ्यांबरोबर घमेल्यात गेला आणि मासोळ्यांबरोबरच परत आला. जाळी ओली होती, तिनेही थोडी ने-आण केली असणार.

त्या धुण्याबद्दल आणखी थोडं बोलायला हवं, कारण घरोघरी हीच गोष्ट होते. मासोळी आजारी पडली की आपला पहिला विचार स्वच्छतेचा. मुलांना सोबत घेऊन तुम्ही काच लख्ख केलीत त्यात माया होती, हे मी जाणतो. पण टँकमधल्या स्पंजवर आणि खड्यांवर जो किंचित बुळबुळीत थर असतो त्यात मासोळ्यांना जगवणारे जिवाणू राहतात. मासोळी जे बाहेर टाकते त्याचा पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, तेव्हा कुठे पाणी राहण्याजोगं होतं. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पावडरने आणि नळाच्या पाण्याने ते एका सकाळी गेले. पाणी काचेसारखं नितळ दिसत होतं आणि त्यात अमोनिया साठत होता. शिवाय पावडरचा अंश खड्यांत राहिला तर तो मासोळीच्या कल्ल्यांना आणि अंगावरच्या चिकट थराला खातो. रोगाने अर्ध्या झालेल्या मासोळ्यांवर हा दुसरा भार पडला, म्हणून तीन दिवसांत तीन गेल्या. यापुढे स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच, दोनदा दाबून पिळायचा, बस. साबण, सोडा, पावडर टँकच्या जवळही नको.

आणि तुमच्या गावचं पाणी? त्याला उगीच बोल लावू नका. तुमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे असं तुम्ही लिहिता. मॉली आणि गप्पींना जड पाणीच आवडतं, गोल्डफिशलाही चालतं. खोट पाण्याची नाही, त्यात पडणाऱ्या टीसीएल (पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीनच्या) पावडरची आहे. ती पडायलाच हवी, गावाला कावीळ-हगवणीपासून तीच वाचवते. पण माणसाला चालतो तेवढा क्लोरीन मासोळीचे कल्ले जाळतो. पसरट भांड्यात पाणी दिवसभर उघड्यावर ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, साधारणपणे ते हायपोचंच (सोडियम थायोसल्फेटचंच) पाणी असतं. शाळेच्या हापशीचं पाणी घेत असाल तर त्यात क्लोरीन नसतो, मात्र जमिनीतून नुकतं आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही बादलीत काही तास हवेच्या नळीने खळबळू द्या. थंडीच्या सकाळी हापशीचं पाणी कोमट आणि सिमेंटच्या टाकीतलं थंडगार असतं, हे तुमच्या मुलांना माहीत आहे. मासोळीला तो फरक झेपत नाही. पाणी बदलायचं ते दुपारच्या सुट्टीत बदला.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, म्हणून विचारतो. संध्याकाळी शाळेला कुलूप लावताना मेन स्विच कोण बंद करतं?

बहुतेक शाळांत तो बंद होतोच, आणि ते शहाणपणाचंही आहे. पण मग तुमच्या टँकचा पंप आणि फिल्टर रोज संध्याकाळी पाचपासून सकाळी दहापर्यंत बंद राहतो. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत तर सलग. त्यात डिसेंबर. तुमच्या भागात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीसला जातो. तलावाला हा चढउतार कळत नाही, सत्तर लिटरच्या काचपेटीला पुरता कळतो. गारठलेल्या मासोळीची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि मॉलीसोबत आलेला परजीवी तिथे घर करतो. म्हणून औषधाच्या बाटलीआधी मला तुमच्या मेन स्विचची काळजी वाटते. मुख्याध्यापकांशी बोलून टँकच्या बोर्डापुरती वेगळी लाईन चालू ठेवता येते का ते गावातल्या वायरमनकडून बघून घ्या. अर्थिंग तपासायला सांगा, कारण तिथे मुलांचे हात जाणार आहेत. ते जमत नसेल तर हे दोन आठवडे टँक कुणाच्या तरी घरी हलवणं बरं. लाईन गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप स्वस्तात मिळतो. कोणताही पंप टँकमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर लाईन गेल्यावर पाणी नळीतून उलटं उतरून पंपात शिरतं.

आता इलाज. तुमच्या टँकसाठी मी रंगीत औषधाऐवजी ऊब आणि मीठ निवडेन.

टँकमध्ये पाणी किती ते आधी काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा, हजाराने भागा, लिटर मिळतात. सातवीच्या मुलांना फळ्यावर द्या, ते काढतील. खड्यांनी अडवलेली जागा वजा केली की तुमचं साधारण सत्तर लिटर भरेल. 'पाच थेंब' हे माप कुठल्या टँकला, हे न विचारता दिलेलं औषध कमी पडलं तर उपयोगाचं नाही आणि जास्त झालं तर विष.

ऊब कशासाठी? पंचवीस अंशांच्या आसपास परजीवीचा एक फेरा आठवडाभराच्या आत पुरा होतो, थंड पाण्यात त्यालाच कित्येक आठवडे लागतात. म्हणजे थंडीत रोग रेंगाळतो आणि तो इलाजाच्या तावडीत यायची वाट बघत बसावं लागतं. सत्तर-शंभर वॅटचा हीटर आणि काचेला चिकटवायचा थर्मामीटर आणा आणि पाणी अठ्ठावीसपर्यंत न्या. पण एकदम नको, दिवसाला दोन-तीन अंश या हिशेबाने. बरेच जण तीस-बत्तीस करायला सांगतात. तीसला या परजीवीची वाढ बहुधा खुंटते हे खरं आहे, पण गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, त्याला तीसमध्ये दोन आठवडे ठेवणं मला पटत नाही. त्यात पाणी तापलं की प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅमच्या वर मावणारा प्राणवायू तीसला साडेसातपर्यंत येतो. कल्ल्यांत परजीवी असलेल्या मासोळीला आधीच धाप लागलेली असते. म्हणून हीटर लावला की हवेचा पंप दुप्पट महत्त्वाचा.

मीठ लिटरला दोन ग्रॅम. सत्तर लिटरला एकशे चाळीस ग्रॅम झालं. साधं खडे मीठ घ्या, कोणतीही भुकटी किंवा मसाला मिसळलेलं नको. त्याचे तीन सारखे भाग करा, एक भाग तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवून हळूहळू ओता, बारा तासांनी दुसरा, मग तिसरा. खडे तसेच टाकले तर तळाशी बसणारा सकर भाजून निघेल. सकरला आणि इतर बिनखवल्यांच्या माशांना मीठ कमी सोसतं, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवा. तो सैरभैर झाला तर पुढचा भाग टाकू नका. पाणवनस्पती असतील तर त्या काढून दुसऱ्या बादलीत ठेवा, मिठाने त्या झडतात. मासोळी नसलेल्या कोमट पाण्यात आठ-दहा दिवस राहिल्या की त्यांच्यावरचा परजीवीही उपाशी मरतो.

मग दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला. बदलताना नळी खड्यांमध्ये खुपसून तळ ओढून काढा, कारण कवचातले परजीवी तिथे आहेत. जेवढं पाणी नवं घालाल तेवढ्याचंच मीठ घाला : पंधरा लिटरला तीस ग्रॅम. पाणी नुसतं आटलं असेल तर मीठ घालायचं नाही, मीठ आटत नाही. पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढा आणि काच निवेपर्यंत थांबा, आणि प्लग काढल्याशिवाय कुणीही पाण्यात हात घालायचा नाही, हा नियम मुलांकडून पाठ करून घ्या. दाणा दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढाच.

पहिल्या तीन-चार दिवसांत ठिपके वाढलेले दिसतील. घाबरू नका आणि औषध बदलू नका, आधीच शिरलेले मोठे होत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मग ठिपके उतरतील. शेवटचा ठिपका दिसला त्यानंतर पुरा एक आठवडा सगळं तसंच चालू ठेवा. साधारण दोन आठवड्यांचा मामला आहे. त्यानंतर मीठ वेगळं काढावं लागत नाही, नेहमीसारखं बिनमिठाचं पाणी बदलत गेलं की ते उतरतं, आणि हीटर हळूहळू पंचवीसवर आणा.

एवढं करूनही चार-पाच दिवसांत नवे ठिपके येतच राहिले तर मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध घ्यावं लागेल, बाटलीवरच्या मापाने आणि सकर असल्याने निम्म्यापासून. पण ते शाळेत ठेवायला मला आवडत नाही. तो रंग माणसालाही अपायकारक आहे, खाण्याच्या माशांसाठी त्याला बंदी आहे. हातमोजे घालून तुम्हीच टाका, बाटली कुलपात ठेवा, फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आधी काढा, नाहीतर तोच सगळं औषध शोषून घेतो. तुम्हाला मिळालेलं निळं औषध बहुधा मिथिलिन ब्लू आहे. बुरशीला आणि अंड्यांना ते बरं, या रोगावर मवाळ, आणि टँकमधल्या चांगल्या जिवाणूंना त्रासदायक. काही दुकानदार पिवळ्या कॅप्सूल फोडून टाकायला सांगतात, त्या प्रतिजैविकांचा या परजीवीवर काहीही परिणाम होत नाही. अडलात तर नागपूरला माफसूचं (महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं) मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय खात्याचं कार्यालय आहे, तिथे विचारा.

कुणी आई विचारेल की हे पोरांच्या अंगाला लागेल का, खाज येईल का. नाही. हा परजीवी माणसाला, गाईम्हशींना होत नाही. हात मात्र दरवेळी साबणाने धुवायला लावा, ते कुठल्याही टँकला लागू आहे.

आता गुरुजी, सोमवारबद्दल.

तुमची मुलं रोज मधल्या सुट्टीत त्या काचेला नाक लावून उभी राहतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. कोणत्या गोल्डफिशच्या शेपटीला काळी कड आहे आणि कोणत्या मॉलीचं पोट मोठं आहे, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. बदललेली मासोळी ती पहिल्या दिवशी ओळखतील. एखादं मूल 'गुरुजी, ही ती नाही' म्हणेल, बाकीची गप्प राहतील, आणि गप्प राहणाऱ्यांची मला जास्त चिंता आहे. त्यांना कळेल की मोठी माणसं मेलेल्याला दवाखान्यात गेलेलं म्हणतात. या मुलांच्या घरी शेळ्या मरतात, बैल जातो, आजी जाते. मरण त्यांनी तुमच्या-माझ्या मुलांपेक्षा जवळून पाहिलं आहे. त्यांना सांभाळायचं तर कारण सांगा. 'तीन मासोळ्या वारल्या. मी तुम्हाला दवाखान्याचं खोटं सांगितलं, कारण मला वाईट वाटलं होतं. आता उरलेल्यांना वाचवायचं आहे आणि मला तुमची मदत लागणार आहे.' एवढं बोललात तरी पुरे. बाकीचं मुलं स्वतः विचारतील.

ज्या मुलांनी रविवारी खडे धुतले त्यांच्याशी मात्र सगळ्यांआधी, वेगळं बोला. पावडरने काय झालं ते उद्या वर्गात समजेल आणि 'आपण मारलं' असं त्यांच्या मनात बसेल. काय धुवायचं ते मोठ्या माणसाने ठरवलं होतं, त्यांनी सांगितलेलं काम नीट केलं, हे तुमच्या तोंडून त्यांना ऐकू द्या.

आणि काम द्या. सकाळी आल्यावर आणि जाताना थर्मामीटर वाचून तक्त्यावर लिहायचं. एकेकाला एकेक मासोळी द्यायची, तिच्यावरचे ठिपके मोजायचे. आठव्या-दहाव्या दिवशी तो तक्ता बघून परजीवीचा फेरा मुलांनाच सांगता येईल. शाळेत किंवा जवळच्या हायस्कुलात सूक्ष्मदर्शक असेल तर आणखी एक करा. पुढे एखादी मासोळी दगावलीच, तर लगेच, तासाभराच्या आत, तिच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडून पाण्याच्या थेंबात घ्या. उशीर केला तर परजीवी मेलेलं अंग सोडून निघून जातात. कमी शक्तीच्या भिंगाखाली एक गोल, करडा गोळा सावकाश गरगर लोळताना दिसेल, कडेने केसांची सळसळ, आणि आत घोड्याच्या नालेसारखं वळलेलं केंद्रक. एकदा तो पाहिला की मुलं त्याला विसरणार नाहीत.

त्या पालकांनाही तेच दाखवा. मासोळीने संकट अंगावर घेतलं ही समजूत गावोगावी आहे, आणि ती मायेपोटीच आहे, तिच्याशी भांडायला जाऊ नका. माझी अडचण एवढीच की ते म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही, ती का मेली. मग पुढची मासोळी त्याच टँकमध्ये, त्याच कारणाने मरते.

एखादी आडवी पडली, श्वास घेववत नाही, दोन दिवस खाल्लं नाही, तर तिला जमिनीवर तडफडत टाकू नका. लिटरभर टँकच्याच पाण्यात लवंग तेलाचे आठ-दहा थेंब बाटलीत जोरात हलवून मिसळा, त्यात तिला ठेवा. ती गुंगीत जाते आणि जाते. कल्ले हलायचे थांबल्यावरही अर्धा तास राहू द्या, मग पुरा. हे शाळा सुटल्यावर करा.

बोडीबद्दल मुख्याध्यापकांना माझा निरोप सांगा. त्यांच्या मनात दया आहे, पण त्या मासोळ्या तिथे सुटणार नाहीत. लाल-पांढरा गोल्डफिश बगळ्याला लांबून दिसतो, आणि एंजलला डिसेंबरची रात्र सोसत नाही. मरतील त्या मरतील, पण हा परजीवी गोड्या पाण्यातल्या जवळजवळ कोणत्याही माशाला धरतो, रोहू-कटला त्यात आलेच. बोडीतलं पाणी पुढे शेतात, नाल्याला, तलावाला जातं, आणि तुमच्याकडच्या तलावांवर ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था पोट भरतात. सकरची तर वेगळीच भीती आहे. तो मरत नाही. अंगाला कवच, वाटेल त्या पाण्यात तगतो, काठात बिळं करतो, जाळी फाडतो. देशात किती तरी ठिकाणी घरच्या टँकमधून सुटलेल्या सकरने मच्छीमारांना हैराण केलं आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांच्या पाळीत तो शिरायला नको. गप्पी आरोग्य खातं स्वतः सोडतं, असं कुणी म्हणेल. ते डबक्यांत, टाक्यांत, डासांच्या अळ्यांसाठी, नीट मासोळ्या बघून सोडतं. औषधाचं पाणीही बोडीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. मिठाचं पाणी झाडांना नको, शाळेमागच्या मुरमाड मोकळ्या जागेवर पसरून टाका.

नव्या मासोळ्या आणायच्याच असतील तर संक्रांतीनंतर, टँक शांत झाल्यावर. या आजारातून वाचलेल्या मासोळ्यांना त्याची बरीचशी प्रतिकारशक्ती येते, पण त्यांच्या अंगी थोडा परजीवी राहूही शकतो, तेव्हा जुन्या ठणठणीत आणि नव्या आजारी असं चित्र दिसलं तर दुकानदाराला लगेच दोष देऊ नका. नव्या मासोळ्या थेट टँकमध्ये सोडायच्या नाहीत. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा टब, एक छोटा स्पंज फिल्टर (तो आत्तापासूनच मोठ्या टँकमध्ये ठेवला तर त्यावर जिवाणू बसलेले असतील) आणि वेगळी जाळी, वेगळी बादली. तिथे तीन आठवडे. दुकानातल्या पिशवीचं पाणी टबातही ओतायचं नाही, मासोळी जाळीने उचलून घ्यायची. एकच जाळी असेल तर ती दोन वापरांमध्ये उन्हात कडकडीत वाळवा, वाळल्यावर हा परजीवी जगत नाही. टब ठेवायला मुख्याध्यापकांच्या खोलीचा कोपरा मागून बघा, तिथे रोज कुणाचं तरी लक्ष असतं.